हेवी मेटल : एक वाजतं, एक वाजत नाही
(चोपडा परिसरातल्या बचत गटांसाठी सामुदायिक रेडिओवर दिलेलं भाषण)



आजचा विषय थोडा गमतीचा आहे आणि थोडा काळजीचा. घरात मोबाईल असेल तर त्यात 'हेवी मेटल' एवढे दोनच शब्द बोलून बघा. आधी लांब केसांचे, काळ्या कपड्यांतले तरुण दिसतील. हातात गिटार, मागे मोठमोठे ढोल, आणि आवाज असा की गोठ्यातली म्हैस दावं तोडेल. तेच बोटाने खाली सरकवत गेलात तर पाण्याच्या बाटल्या, मातीच्या पिशव्या, आणि शिसं, पारा, कॅडमियम, आर्सेनिक अशी नावं लागतील. नाव एकच, पण घराणी दोन. एक गाण्याचं आणि एक विषाचं.

दोन्हींचा अभ्यास विद्यापीठांत चालतो बरं का. गाण्याच्या हेवी मेटलवर सुद्धा मोठमोठी माणसं पुस्तकं लिहितात, परिषदा भरवतात. २००८ मध्ये ऑस्ट्रियातल्या साल्झबर्ग गावी अशी परिषद भरली होती. तुम्ही म्हणाल, एवढ्या शिकलेल्या लोकांना दुसरं काम नाही का? आहे की. पण आपल्या जात्यावरच्या ओव्यांचाही असाच अभ्यास झाला आहे. पुण्याचे गी पॉइत्वाँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या बायांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्या बायांना कुणी कधी विचारलं नव्हतं की तू काय गातेस. माणूस काम करताना काय गातो, रागात काय गातो, हे विचारणं म्हणजे त्या माणसाची किंमत करणंच असतं. म्हणून मी त्या अभ्यासाला हसत नाही.

शिवाय हे गाणंही जात्यासारखं कामाच्या आवाजातूनच निघालं आहे. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम नावाचं कारखान्यांचं शहर आहे. तिथे टोनी आयॉमी नावाचा पोरगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. वय सतरा. कामाचा शेवटचा दिवस, आणि त्याच दिवशी यंत्रात हात सापडून उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. पोरगा डावखुरा, गिटारच्या तारा उजव्या हाताने दाबणारा. म्हणजे नेमकी कामाचीच बोटं गेली. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली आणि तारा हलक्या, सैल लावल्या. सैल तारेचा आवाज खाली उतरतो, जड होतो. १९७० मध्ये त्याच्या 'ब्लॅक सॅबथ' या बँडची पहिली तबकडी आली आणि तिथून या संगीताची सुरुवात धरतात. बर्मिंगहॅमच्या कारखान्यांनी हे संगीत कसं घडवलं यावर २०१० मध्ये एका इतिहासाच्या नियतकालिकात अख्खा निबंध छापून आला आहे. घणाचा, यंत्राचा, पत्र्याचा आवाज दिवसभर कानात असलेल्या पोरांनी तोच आवाज संध्याकाळी वाजवला.

लोक या गाण्याला फार घाबरले. १९८५ मध्ये अमेरिकेच्या सिनेटमध्ये, म्हणजे त्यांच्या वरिष्ठ सभागृहात, या आणि अशा गाण्यांवर सुनावणी झाली. पोरं बिघडतील, हिंसक होतील, अशी भीती. पुढे कॅसेटवर आईबापांसाठी इशाऱ्याची चिठ्ठी लावायला सुरुवात झाली. आईबाप म्हणून मला त्यांची भीती कळते. पण संशोधकांनी ही भीती तपासून पाहिली. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाने असली गाणी आवडीने ऐकणाऱ्या ३९ तरुणांना बोलावलं. आधी त्यांना राग येईल अशा गोष्टी आठवायला लावल्या. मग काहींना दहा मिनिटं त्यांचीच कर्कश गाणी ऐकू दिली आणि काहींना शांत बसवलं. गाणी ऐकणाऱ्यांचा राग भडकला नाही. शांत बसलेल्यांइतकाच तो उतरला, आणि वर त्यांना हुशारी आली. माणसं थोडी, तीही त्या गाण्याची शौकीन, त्यामुळे या एका प्रयोगावर फार इमले बांधू नयेत. पण गाण्याने पोरगं राक्षस होतं, असं काही त्यात दिसलं नाही.

आपल्या मुंबईतही असे बँड आहेत. 'डेमॉनिक रिझरेक्शन' नावाचा एक २००० सालापासूनचा. नाव ऐकून अंगावर काटा येईल, पण २०१७ मध्ये त्यांनी काढलेल्या संग्रहाचं नाव 'दशावतार', आणि गाणी विष्णूच्या अवतारांवर. त्याचा गायक साहिल मखिजा इंटरनेटवर स्वयंपाकाचा कार्यक्रमही करतो. आता बोला!

या गाण्याचा खरा धोका आहे तो कानाला, आणि तो फक्त याच गाण्याचा नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ८० डेसिबल आवाज आठवड्यात ४० तास कान सोसू शकतो, पण ९० डेसिबल झाला की फक्त ४ तास. आपल्या वरातीतला डीजे याच्याही पुष्कळ वर जातो. त्याच्या भिंतीपुढे तान्हं बाळ कडेवर घेऊन नाचणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत. बाळाला मागे घरात ठेवा, एवढंच सांगते आणि पुढे जाते. कारण आज मला खरं बोलायचं आहे ते न वाजणाऱ्या हेवी मेटलबद्दल.

ज्या काळात अमेरिकेत गाण्यांवर सुनावणी चालली होती, त्या काळात जगभर मोटारींच्या पेट्रोलमध्ये शिसं घातलेलं असायचं. इंजिन नीट चालावं म्हणून. ते धुरातून बाहेर पडायचं आणि धुळीत बसायचं. रस्त्याकडेला खेळणारी पोरं तोच हात तोंडात घालायची. त्याचा आवाज नाही, वास कळत नाही, पोरगं रडतही नाही. मग कळलं कसं? हर्बर्ट नीडलमन नावाच्या अमेरिकन डॉक्टरने लहान मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा केले. आपण दात छपरावर टाकतो, त्याने ते प्रयोगशाळेत नेले. शरीरात आलेलं शिसं हाडांत आणि दातांत साठून राहतं, म्हणून दात म्हणजे पोराच्या आजवरच्या आयुष्याची नोंदवहीच. १९७९ मध्ये त्याने निष्कर्ष छापले. ज्यांच्या दातांत शिसं जास्त, त्या मुलांची बुद्धीच्या चाचणीतली कामगिरी कमी आणि वर्गात लक्षही कमी. ही मुलं आजारी दिसत नव्हती. मास्तर त्यांना नुसतं 'ढ' म्हणत असतील.

भारतात शिसं घातलेलं पेट्रोल २००० साली बंद झालं. म्हणजे आज ज्या बाया तिशी-चाळिशीत आहेत, त्यांचं बालपण त्याच धुरात गेलं.

आता या 'हेवी मेटल'चा, मराठीत जड धातूंचा, अर्थ काय ते बघू. जड म्हणजे वजनाला जड, असं वाटतं ना? मग जळगावच्या सराफ बाजारातलं सोनं घ्या. पाण्याच्या १९ पट जड. शिसं साडेअकरा पटसुद्धा नाही. जडपणावर विष ठरलं असतं तर मंगळसूत्र घालताच बाई आजारी पडली असती. उलट बेरिलियम नावाचा धातू पाण्याच्या दुपटीहूनही हलका, पण भयंकर विषारी. लोखंड जडच, पण गरोदरपणी आशाताई ज्या लाल गोळ्या देतात त्या लोहाच्याच. जस्त जड, पण बाळाला जुलाब झाले की १४ दिवस जस्ताचीच गोळी देतात, आणि केळीची पानं पिवळी पडली की झिंक सल्फेट फवारतात. आर्सेनिक तर पुरता धातूही नाही, अर्धा धातू.

म्हणजे नावात घोळ आहे. २००२ मध्ये जॉन डफस नावाच्या शास्त्रज्ञाने रसायनशास्त्राच्या जागतिक संघटनेसाठी एक निबंध लिहिला. त्याने जुनी पुस्तकं उघडून 'जड धातू'च्या व्याख्या शोधल्या. एकात पाण्याच्या साडेतीन पट जड असलेला धातू जड, दुसऱ्यात पाच पट, तिसऱ्यात सात पट. एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. शेवटी त्याने म्हटलं की हा शब्दच निरर्थक आहे, सोडून द्या. शब्द काही सुटला नाही, सरकारी कागदात अजून तोच आहे. पण त्याचा मुद्दा आपल्या कामाचा आहे. 'पाण्यात जड धातू सापडले' असं कुणी सांगितलं तर घाबरून उपयोग नाही आणि मान डोलावूनही उपयोग नाही. विचारायचं, कोणता धातू? किती? कशाच्या रूपात? आणि कुणाच्या पोटात जातोय, बाईच्या की बाळाच्या?

शरीरात शिसं घुसतं कसं, हे समजलं की पुढचं सगळं सोपं होतं. आपलं शरीर शिशाला ओळखत नाही. ते त्याला कॅल्शियम समजतं, लोह समजतं. आतड्यात लोह उचलून आत नेणारी व्यवस्था असते. पोटात लोह पुरेसं असेल तर ती त्यातच गुंतलेली असते. लोह कमी असेल तर ती भुकेल्यासारखी मिळेल ते उचलते, शिसंही आणि कॅडमियमही. आपल्या महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायांच्या अंगात रक्त कमी आहे, हे सरकारच्याच पाहणीत आलं आहे. म्हणजे निम्म्या घरांची दारं शिशाला उघडी. घरात शेवटी जेवणारी, उरलंसुरलं खाणारी बाई या विषाला सगळ्यात आधी सापडते.

आणि ते आत गेलं की हाडात दडून बसतं, वर्षानुवर्षं. बाई गरोदर राहिली, अंगावर पाजायला लागली की शरीर बाळासाठी हाडातलं कॅल्शियम काढतं. त्याबरोबर जुनं शिसंही सुटतं आणि रक्तातून बाळाकडे जातं. लहानपणी खाल्लेलं शिसं वीस वर्षांनी लेकराला मिळतं. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं आहे की शिशाची सुरक्षित अशी कोणतीच पातळी नाही. म्हणून लोहाच्या गोळ्या काळी संडास होते म्हणून कोनाड्यात टाकून देऊ नका गं. हा जड धातू त्या जड धातूला दाराशी अडवतो.

आता हळदीची गोष्ट. ही मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण ती आपल्या डब्यातली आहे.

बांगलादेशात खेड्यातल्या गरोदर बायांचं रक्त तपासलं तर शिसं जास्त निघालं. जवळ कारखाना नाही, मोटारी फार नाहीत. मग शिसं आलं कुठून? अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या जेना फोर्सिथ आणि त्यांच्या बांगलादेशी सहकाऱ्यांनी एकेक वस्तू तपासायला घेतली. माती, तांदूळ, कीटकनाशकं, डबे, मसाले. शिशाला एक खूण असते. ते कोणत्या खाणीतून आलं त्याप्रमाणे त्याच्या अणूंच्या वजनांचं प्रमाण वेगळं असतं, जसा गुरांच्या कानातला बिल्ला. बायांच्या रक्तातल्या शिशाची खूण जुळली ती हळदीशी. २०१९ मध्ये हे जाहीर झालं.

हळदीत शिसं कशाला, असं वाटेल. व्यापाऱ्यांशी बोलल्यावर उलगडा झाला. १९८० च्या दशकात तिकडे मोठा पूर आला, हळद नीट वाळली नाही, हळकुंडं काळवंडली. काळं हळकुंड कोण घेणार? मग पॉलिश करताना त्याला एक चकचकीत पिवळी पूड लावायला लागले. ती पूड म्हणजे लेड क्रोमेट, शिसं आणि क्रोमियमचं संयुग, लाकडाला आणि लोखंडाला द्यायच्या पिवळ्या रंगात असतं ते. पूर ओसरला, पण गिऱ्हाइकाच्या डोळ्याला झळकत्या पिवळ्याची सवय लागली. पुढे चांगल्या हळदीलाही ती पूड लागायला लागली. लावणाऱ्या कामगारांना ते विष आहे हे माहीतही नव्हतं.

आणि मग काय झालं ते ऐका. तिथल्या सरकारने वर्तमानपत्रांतून सांगितलं, बाजारात भित्तिपत्रकं लावली, ढाक्याच्या ठोक बाजारात धाड घालून दंड केला. २०१९ मध्ये शंभरातले ४७ नमुने शिशाचे होते. २०२१ मध्ये एकही नाही. दोन वर्षांत! पिढ्यान्‌पिढ्यांचं नाही, चाळीस वर्षांचं दुखणं होतं, आणि ते बरं झालं. पर्यावरणाच्या बातम्यांत असं क्वचितच ऐकायला मिळतं.

मग याच मंडळींनी भारत, पाकिस्तान, नेपाळ, श्रीलंका इथल्या २३ शहरांतून ३५६ नमुने घेतले. २०२४ मध्ये त्याचा निकाल आला. साधारण दर सातातल्या एका नमुन्यात शिसं सापडलं. सगळ्यात वाईट पाटण्याचे. तिथे एका ग्रॅममागे २,००० मायक्रोग्रॅमच्याही वर. आपल्या देशाची कायदेशीर मर्यादा आहे एका ग्रॅमला १०. दोनशे पटीहून जास्त. आणि सगळ्यात जास्त शिसं होतं ते पॉलिश केलेल्या हळकुंडांत, त्याखालोखाल सुट्या पुडीत.

ही आकडेवारी पाटण्याची आहे, चोपड्याच्या बाजाराची नाही. आपल्याकडची हळद शिशाचीच असते असं मी म्हणत नाही, आणि कुणा दुकानदाराच्या अंगावरही जाऊ नका. पण आपणही हळद घेताना आधी रंगच बघतो ना? गिरणीवर दळायला जी हळकुंडं आणतो, ती गुळगुळीत आणि झळझळीत असली की खूश होतो. खरं हळकुंड मातकट असतं, त्याच्यावर सुरकुत्या असतात. आपले यावल-रावेरकडचे केळीवाले हळदही पिकवतात. त्यांच्या घरची, पॉलिश न केलेली हळद पाहिली की फरक डोळ्याला कळतो.

घरी करण्यासारखी एक तपासणी सरकारच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानेच सांगितली आहे. काचेच्या पेल्यात पाणी घ्या आणि त्यात अख्खं हळकुंड टाका. चांगलं हळकुंड लगेच रंग सोडत नाही. रंगवलेलं असेल तर ते झळकतं आणि पाण्यात ताबडतोब पिवळा रंग सोडतं. ही तपासणी अख्ख्या हळकुंडाची आहे, आणि ती पास झाली म्हणजे प्रयोगशाळेचा दाखला मिळाला असं नाही. पण पहिली चाळण म्हणून चांगली. आणि म्हणून गटाने मिळून ओळखीच्या शेतकऱ्याकडून अख्खी, बिनपॉलिशची हळद घेतली, गटातच दळली, तर निम्मी काळजी मिटते.

हळदीनंतर कुंकू. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठाने २०१७ मध्ये कुंकवाचे, तिकडे ज्याला सिंदूर म्हणतात त्याचे, ११८ नमुने तपासले. त्यातले २३ मुंबई आणि दिल्लीहून नेलेले होते. या २३ पैकी १८ मध्ये थोडंफार शिसं होतं, आणि १० मध्ये अमेरिकेच्या मर्यादेपेक्षा जास्त. कुंकू कपाळाला लागतं, पोटात कसं जाणार? हाताला लागतं, हात भाकरीला लागतो. घामाबरोबर ओघळतं. आणि कडेवरचं लेकरू आईच्या कपाळाशी खेळून बोटं चोखतं. हळद आणि चुना यांचं घरी केलेलं कुंकू वेगळं, ते काळपट लाल असतं. केशरी झाक मारणारं, चमकणारं असेल तर सावध व्हायचं.

शेंदराचं तर काय सांगावं. असली शेंदूर म्हणजे शिशाचंच संयुग आहे, त्यात भेसळ नाही, तो आहेच तसा. पारावरचा मारुती, शेताच्या बांधावरचा म्हसोबा यांना तेलात कालवून शेंदूर कोण लावतं? बऱ्याच ठिकाणी आपणच, उघड्या हाताने. देवाला शेंदूर लावू नका असं सांगायला मी आले नाही. कालवताना हाताला प्लॅस्टिकची पिशवी बांधा, नंतर साबणाने हात धुवा, आणि तो पोरांच्या कपाळाला, विशेषतः प्रसादाच्या हाताने, लावू नका. गणपतीच्या मूर्तीवरच्या चकाकत्या रंगांतही शिसं आणि पारा असू शकतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१० मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये विसर्जनाचे नियम काढले, त्यात विषारी रंग नकोत असं स्पष्ट आहे. विसर्जन तापीत होतं आणि तापीचंच पाणी आपण पितो.

भांड्यांचं थोडक्यात. जर्मनची पातेली आपण सगळ्या वापरतो. शुद्ध ॲल्युमिनियमची गोष्ट वेगळी. पण भंगार वितळवून केलेल्या भांड्यांत जुन्या यंत्रांचं शिसं येतं, आणि आंबट भाजी, चिंच, टोमॅटो शिजताना ते सुटतं. २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने हिंडालियम म्हणून विकल्या जाणाऱ्या काही भांड्यांबद्दल इशारा दिला होता. आंबट पदार्थ स्टीलमध्ये किंवा लोखंडी कढईत करा. लोखंडी कढईतलं लोह पोटात गेलं तर फायदाच. पितळी भांड्याला कल्हई करताना कल्हईवाल्याला विचारा, कथील शुद्ध आहे ना? शिसं कथिलापेक्षा खूप स्वस्त पडतं, म्हणून मिसळायचा मोह होतो.

आणि जुनी बॅटरी! ट्रॅक्टरची, इन्व्हर्टरची. ती घरामागे फोडून शिसं काढणं, जाळ्याच्या गोळ्या करायला चुलीवर शिसं वितळवणं, हे कुणी करत असेल तर तिथून पोरं आणि गरोदर सुना आधी लांब न्या. त्याची धूळ अंगणात बसते आणि वर्षानुवर्षं जात नाही. बॅटरी विकणाऱ्या दुकानात जुनी परत घेतात, ती तिथेच द्यायची.

आता कॅडमियम. याची गोष्ट जपानची आहे आणि ती बायांचीच आहे. तोयामा भागात जिंझू नावाची नदी आहे. वरच्या अंगाला जस्ताची खाण, खाली भातशेती. खाणीतलं कॅडमियम नदीत आलं, नदीतून भातात, भातातून माणसांत. आजारी पडल्या त्या बहुतेक चाळिशीच्या पुढच्या, चारपाच बाळंतपणं झालेल्या बाया. कॅडमियम मूत्रपिंड बिघडवतं आणि मग हाडं ठिसूळ होतात. खोकला आला तरी बरगडी मोडावी इतकी. त्या 'इताई, इताई' असं कण्हायच्या, म्हणजे 'दुखतंय, दुखतंय'. आजाराला तेच नाव पडलं. १९६८ मध्ये जपान सरकारने हा प्रदूषणाचा आजार आहे असं मान्य केलं. तोवर या बाया कितीतरी वर्षं कण्हत होत्या. म्हाताऱ्या बाईचं कण्हणं कोण मनावर घेतं?

आपल्याकडे तशी जस्ताची खाण नाही. पण कॅडमियम थोडं थोडं येतं. फॉस्फेटची खतं ज्या दगडापासून करतात त्यात ते असतं, आणि केळीला आपण खत काही कमी घालत नाही. दगडी कोळशातही थोडे थोडे धातू असतात आणि ते राखेत उतरतात, म्हणून दीपनगरसारख्या वीज केंद्रांच्या राखेवर लक्ष ठेवावं लागतं. शहराच्या कचऱ्याचं खत घेत असाल तर पिशवीवरचा मजकूर वाचा. सरकारी नियमाने एक किलो शहरी कंपोस्टमध्ये कॅडमियम ५ मिलिग्रॅमच्या आत आणि शिसं १०० मिलिग्रॅमच्या आत असावं लागतं.

आणि मशेरी. तंबाखूचं झाड मातीतलं कॅडमियम ओढून पानात साठवतं, इतर झाडांपेक्षा जास्त. पहाटे चुलीवर तंबाखू भाजून दात घासणारी बाई कर्करोगाचा धोका घेतेच, त्यात हेही. रक्त कमी असेल तर आतडं ते आनंदाने उचलतं, हे मघाशी सांगितलंच.

शेवटी पाणी. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच बायांना पाणी तपासायचं किट चालवायला शिकवतात. तुमच्यातल्या काहीजणी शिकल्याही असतील. ते किट फार चांगलं आहे. क्षार, फ्लोराइड, नायट्रेट, लोह, क्लोरीन त्यात कळतं. पण शिसं आणि कॅडमियम त्या किटात सहसा कळत नाही. म्हणून किटात पाणी पास झालं की सगळंच पास, असं धरू नका. पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा आहे लिटरला ०.०१ मिलिग्रॅम. म्हणजे दहा हजार लिटरचे दहा टँकर एका रांगेत उभे करा, त्या सगळ्यांत मिळून एक ग्रॅम. एवढंसं शोधायला यंत्रच लागतं. यंत्रात पाण्याचा बारीक फवारा ज्योतीत मारतात आणि त्यातून प्रकाश सोडतात. प्रत्येक धातू आपलाच एक ठरावीक प्रकाश गिळतो. किती गिळला त्यावरून किती धातू ते कळतं. जळगावला बहिणाबाईंच्या नावाचं विद्यापीठ आहे, तिथे पर्यावरण विज्ञानाचं शिक्षण आहे. आपल्या बारावी झालेल्या पोरींनी तिकडे जावं असं मला फार वाटतं. अभ्यासाला नमुना हवा असेल तर त्यांच्या आईच्या डब्यातली हळद आहेच.

ग्रामसभेत मागणी करताना 'पाणी तपासा' एवढंच लिहू नका, 'शिसं, कॅडमियम, आर्सेनिक यांची तपासणी प्रयोगशाळेतून करावी' असं नावानिशी लिहा. आणि हळदीचा संशय असेल तर २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याचं कलम ४० लक्षात ठेवा. साध्या गिऱ्हाइकालाही आपण घेतलेला माल अन्न विश्लेषकाकडून तपासून घेता येतो. दोन गोष्टी पाळाव्या लागतात. माल घेतानाच दुकानदाराला सांगायचं की मी हा तपासायला देणार आहे, आणि तपासणीची फी आधी भरायची. माल खराब निघाला तर फी परत मिळते. एकटीला ती जड वाटेल. गटात दहाजणी असलात तर दहावा हिस्सा. पावती मात्र पक्की घ्या, आणि हळद सुटी घेतली असेल तर तिची तारीख आणि दुकानाचं नाव गटाच्या वहीत त्याच दिवशी लिहून ठेवा.